लोण चढवणारी माणसे : प्रस्तावना

नवी मुंबईत कबड्डी तीन वाटांनी आली, आणि या पुस्तकात ज्यांची आठवण जागवली आहे ते खेळाडू या तिन्ही वाटांवर वाढले.

पहिली वाट इथल्याच शेतांतून जाते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. त्याआधी जुहूगाव, तुर्भे, सानपाडा, करावे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे ही आगरी-कोळ्यांची गावे होती. पावसात भात, उन्हाळ्यात मिठागर आणि बारा महिने खाडी. भात झोडून घरात आला की शेते मोकळी व्हायची आणि गावातली पोरे तिकडे वळायची. सड खणून काढायचे, ढेकळे फोडायची, माती चाळून घ्यायची, पाणी मारून रूळ फिरवायचा आणि जमीन सुकत आली की फक्कीने रेषा ओढायच्या. माघी गणपतीपासून गावदेवीच्या जत्रेपर्यंत या शेतांवर गॅसबत्तीच्या उजेडात सामने रंगत. या पट्ट्यातल्या खेळाडूचे पाय चिखलात भात लावून आणि खाडीत जाळे ओढून तयार झालेले. पकडीत तो एकदा रुतला की हलायचा नाही.

दुसरी वाट घाटावरून उतरते. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशीच्या दशकापासून एकेक करून वाशी-तुर्भ्याला हलले. आधी कांदा-बटाटा, मग मसाला, धान्य, भाजीपाला, फळे. बाजाराबरोबर माथाडी कामगार आले. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, ती ही माणसे बहुतांशी सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या डोंगरी तालुक्यांतली. जावळी, पाटण, वाई, जुन्नर, आंबेगाव. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. दिवसभर पाठीवर गोणी वाहणारा माणूस संध्याकाळी मैदानात उतरला की त्याच्या खांद्याला आणि मांडीला वेगळ्या व्यायामाची गरज नसे. यात्रेच्या दिवसांत हेच लोक गावी जात, तिथे गावाकडून खेळत, आणि परत येऊन वसाहतीच्या संघात उभे राहत.

तिसरी वाट गिरणगावातून येते. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी, वरळी या पट्ट्यात चाळीगणिक व्यायामशाळा होती आणि प्रत्येक व्यायामशाळेचा कबड्डीचा संघ होता. ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्याच्या मैदानात नाव झाले की मुंबईत नाव झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, घरे विकली गेली, कुटुंबे पांगली. त्यांतली कितीतरी नेरूळ, वाशी, ऐरोलीत आली. येताना फार काही आणता आले नसेल, पण कबड्डीची नजर बरोबर आली. मॅचला मैदानाच्या कडेला बसून पायाची पहिली हालचाल पाहूनच “हा आता बोनसला जाणार” असे पुटपुटणारी म्हातारी माणसे इथल्या मैदानांवर अजून भेटतात, ती बहुधा या तिसऱ्या वाटेवरची.

एका शहरात तीन प्रकारची कबड्डी अशी एकत्र नांदते, हे मला नवी मुंबईचे भाग्य वाटते. आगरी पकड, घाटावरची ताकद आणि गिरणगावचे डोके. पण ज्या माणसांनी ही कबड्डी घडवली त्यांच्याबद्दल लिहिलेले शोधू गेले तर हाती येतात ती वर्तमानपत्रांतली चार ओळींची निकालपत्रे आणि स्मरणिकांतली दोन परिच्छेदांची मनोगते. या पुस्तकाचे कारण तेवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

या संदर्भात जगातल्या एका दुसऱ्या खेळाची गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, कापडगिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या गावांत रग्बी खेळला जाई. कामगार शनिवारी सामना खेळायला गेला की खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची. ही बुडालेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. ज्यांच्या हाती या खेळाची सूत्रे होती त्यांना ती मान्य झाली नाही, कारण त्यांच्या मते खेळ हा हौसेचा मामला होता आणि पैशाचा स्पर्श झाला की तो बाटतो. हौस परवडणाऱ्यांना असे म्हणणे सोपे असते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा खेळ आकाराला आला. कबड्डी पाहून वाढलेल्या माणसाला तो चटकन उमगतो. समोरचा अंगावर येतोय, त्याला रोखायचे आहे आणि खाली पाडायचे आहे. बाकी सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

या खेळाने आपली जुनी माणसे सांभाळून ठेवली. ऑस्ट्रेलियात १९८१ साली एका रग्बी साप्ताहिकाने क्लाइव्ह चर्चिल, जॉनी रेपर, रेग गॅस्निअर आणि बॉब फुल्टन या चौघांना ‘अमर’ हा किताब दिला. तेव्हापासून त्या यादीत नवे नाव घालायचे की नाही यावर तिथे घराघरांत वाद होतात. इंग्लंडमध्ये २०१५ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमबाहेर रग्बी लीगच्या पाच जुन्या खेळाडूंचा एकत्रित पुतळा उभा राहिला. त्यांतला बिली बोस्टन हा कार्डिफच्या गोदीवरच्या वस्तीतून आलेला कृष्णवर्णीय खेळाडू. उत्तरेच्या गिरणी कामगारांचा खेळ, आणि त्याचा पुतळा राजधानीत. त्या पाच जणांकडे बघून मला श्रमिक जिमखाना आठवतो, आणि मनात येते की आपले पाच कोण?

हे सांगायला कबड्डीचा इतिहास थोडक्यात तरी डोळ्यांसमोर हवा. हुतूतू, चेडूगुडू, हाडूडू अशा नावांनी हा खेळ देशभर होताच, पण त्याला नियमांच्या चौकटीत बसवले ते मराठी मुलखाने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा, पुणे आणि बडोदे इथल्या मंडळींनी नियम लिहिले, तपासले, दुरुस्त केले. १९२३ साली बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. तोपर्यंत संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद झालेला गडी जिवंत होतो, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागते आणि अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. पुढे संजीवनीची पद्धत टिकली आणि आजचा खेळ तिच्यावरच उभा आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला.

यानंतरचा मोठा काळ एका माणसाच्या नावाशी बांधलेला आहे. शंकरराव साळवी, म्हणजे सगळ्यांचे बुवा. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९७४ साली भारतीय संघ बांगलादेशाच्या दौऱ्यावर गेला, १९८० साली पहिली आशियाई स्पर्धा झाली, १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९०च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डीला पदक मिळू लागले. या साऱ्या धडपडीत बुवा होते. योगायोग असा की, ज्या १९८२ साली गिरणगाव कोलमडायला लागले त्याच साली गिरणगावचा खेळ दिल्लीच्या एशियाडमध्ये उभा होता.

आता खेळाडू.

कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ सालचा, आणि तो सदानंद शेट्टींचा. मुंबईच्या मातीवर वाढलेला हा खेळाडू. शासनदरबारी कबड्डीपटूला ‘खेळाडू’ म्हणून उभे करणारा हा पहिला मान होता, म्हणून त्याचे मोल नुसत्या पुरस्काराहून मोठे आहे. त्यापूर्वी राज्याने १९६९-७०पासून शिवछत्रपती पुरस्कार सुरू केले होते आणि त्यांच्या यादीत कबड्डीची नावे सुरुवातीपासून ठसठशीत दिसतात. पुण्याचे शांताराम जाधव ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर अर्जुन ठरले. अशोक शिंदे आणि राजू भावसार ही नव्वदीच्या पिढीची नावे. एशियाडमध्ये कबड्डीला पदक मिळू लागले त्या काळातले हे खेळाडू, दोघेही अर्जुन. त्यांच्यानंतर पंकज शिरसाट. ही नावे महाराष्ट्रात तरी पाठ असायला हवीत. आज कॉलेजातल्या पोराला विचारा, तो प्रदीप नरवालची आकडेवारी सांगेल आणि यांतल्या एकाचेही नाव त्याला आठवणार नाही. दोष त्याचा नाही. प्रदीपची प्रत्येक चढाई चित्रित झाली आहे, मोजली गेली आहे. प्रो कबड्डीत चढाईचे हजार गुण पहिल्यांदा त्याने पार केले हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेट्टींच्या चढाया कोणी मोजल्या?

मोजणीचा हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. जुन्या सामन्याच्या गुणपत्रिकेत संघाचे गुण असत, लोण असत, गडी बाद-जिवंत झाल्याच्या खुणा असत. कोणत्या खेळाडूने किती गुण केले हे वेगळे काढून ठेवायची रीत नव्हती. त्यामुळे त्या काळातला मोठा खेळाडू ठरवायला आपल्याकडे एकच साधन उरते : ज्यांनी तो खेळ पाहिला त्यांची आठवण. ही आठवण भरवशाची नसते असे काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. चार वेगवेगळ्या गावांतले चार म्हातारे एकमेकांना न भेटता एकाच खेळाडूची एकच लकब सांगतात, तेव्हा ती लकब खरी असते. डावा पाय आधी टाकायचा, मध्यरेषेवर येऊन क्षणभर थबकायचा, पकड सुटली की हात वर करायचा. आकडे नसतील, पण असे बारकावे हाही पुरावाच आहे, आणि या पुस्तकातली व्यक्तिचित्रे त्यावर उभी आहेत.

काळाकाळाचे नियमही वेगळे होते हे वाचकाने ध्यानात ठेवावे. तीस सेकंदांचे घड्याळ नव्हते. दम टिकेल तेवढी चढाई. बोनस रेषा नंतर आली. ती नव्हती तेव्हा गुण हवा असेल तर गडीच मारावा लागे, रेषेपलीकडे पाय टेकवून परत फिरायची सोय नव्हती. तिसऱ्या चढाईला गुण घेतलाच पाहिजे ही सक्तीही प्रो कबड्डीने आणली. पायात बूट नव्हते, अंगाखाली मॅट नव्हती. मातीवर सूर मारून पकड करणाऱ्याच्या कोपराची आणि गुडघ्याची कातडी हंगामभर भरून येत नसे. म्हणून साठच्या दशकातला चढाईपटू आणि आजचा चढाईपटू यांना एका तराजूत घालून कोण श्रेष्ठ हे ठरवू नये. प्रत्येकाने आपल्या काळात काय करून दाखवले, तेवढेच पाहावे. या पुस्तकात क्रमवारी दिलेली नाही ती याच कारणाने, आणि तो निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही काळात बदललेली नाही, आणि तिच्याकडे लोकांचे पुरेसे लक्ष जात नाही. ती म्हणजे पकड. टाळ्या चढाईला पडतात. चार गडी मारून परत आलेल्याला पोरे खांद्यावर घेतात. पण सामना जिंकून देतो तो कोपऱ्यातला गडी. डाव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूची घोट्याची पकड नीट पाहा. चढाईवाला त्याच्या अंगावर येत असतो, हातभर अंतरावर पाय नाचवत असतो. कोपऱ्यावरचा गडी वाकलेला असतो, नजर छातीवर नाही, कमरेवर. छाती फसवते, कंबर फसवत नाही. चढाईवाला गडी टिपायला पाय फेकतो, त्या क्षणी त्याचे सगळे वजन दुसऱ्या पायावर गेलेले असते. तेवढ्या एका निमिषात सूर मारायचा, फेकलेला घोटा दोन्ही हातांत धरायचा आणि छातीशी ओढून घ्यायचा. एक निमिष आधी गेला तर चढाईवाला पाय मागे घेतो आणि पाठीवर हात ठेवून निघून जातो. एक निमिष उशीर झाला तर घोटा हातातून सुटतो. आणि घोटा सापडला तरी काम संपत नाही. शेजारच्याने त्याच दमात येऊन कंबर आवळली पाहिजे, पलीकडच्याने मध्यरेषेची वाट अडवली पाहिजे. नाहीतर तो ताकदीचा गडी तिघांना फरफटत रेषेपर्यंत नेतो आणि बोट लावतो. आपल्या गावांतल्या जुन्या संघांत या पकडीचे असे जोड्या-जोड्यांनी खेळणारे भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे असायचे. त्यांना एकमेकांना हाक मारावी लागत नसे. पुस्तकातल्या काही पकडवाल्यांची व्यक्तिचित्रे वाचताना हे ध्यानात ठेवा, मग त्यांची खरी थोरवी कळेल.

स्त्रियांच्या कबड्डीबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण तिच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिले गेले. राष्ट्रीय स्पर्धांत सुरुवातीची कित्येक वर्षे महिलांच्या गटात महाराष्ट्राचा दबदबा होता. पुण्याच्या शकुंतला खटावकर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अर्जुन पुरस्काराच्या मानकरी झाल्या. त्या काळी मुलीने हाफपँट घालून मातीत उतरायचे म्हणजे घरी, शेजारी, आळीत किती बोलणी खावी लागत असतील, याचा अंदाज आजच्या वाचकाला येणार नाही. त्या मुली खेळल्या, जिंकल्या, नोकऱ्या केल्या, आणि नंतर त्यांच्यातल्या अनेक जणींनी मैदानावर परत येऊन पुढच्या पोरींना शिकवले. मुंबई-पुण्याचे महिला संघ आज बलवान दिसतात ते या शिकवण्यामुळे.

या शिकवण्याचे फळ २०१२ साली पाटण्याला दिसले. महिलांचा पहिला विश्वचषक भारताने इराणला हरवून जिंकला आणि त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या : दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपयांचे बक्षीस दिले. कबड्डीच्या पोरींना एवढे पैसे मिळाल्याचे ऐकून तेव्हा गावागावांत बायका थक्क झाल्या, आणि ज्या घरांत मुलीला मैदानावर पाठवायला कुरकुर चाले तिथली कुरकुर जरा कमी झाली. अभिलाषा पुढे २०१४च्या इंचॉन एशियाडमधल्या सुवर्णविजेत्या संघात होती आणि २०१५ साली अर्जुन ठरली.

आणि नाशिकच्या शैलजा जैन. महिला कबड्डीची ही थोर प्रशिक्षक इराणच्या संघाला शिकवायला गेली. तिथे ती फारसी शिकली, मुलींना प्राणायाम शिकवला, दम वाढवला. ऑगस्ट २०१८मध्ये जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात तिच्या इराणी मुलींनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक घेतले. भारताचा पराभव म्हणून त्या दिवशी आपल्याकडे हळहळ झाली, तीही समजण्यासारखी आहे. पण महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेने परक्या देशात, परक्या भाषेत असा संघ घडवावा, ही मराठी कबड्डीच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे असे मी मानतो. तिचे नाव थोरांच्या यादीत अगदी वरच हवे. खेळाडूंच्या पुस्तकात प्रशिक्षकाला जागा कशाला, असे कोणी विचारले तर त्याने एकदा कुमार गटाच्या सरावाला जाऊन उभे राहावे.

नवी मुंबईच्या वाचकाला आणखी एक आठवण करून देतो. कबड्डीचा दुसरा विश्वचषक २००७ साली आपल्या शेजारी पनवेलला झाला, आणि तिथेही अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होऊन भारत जिंकला. त्या वेळी उरण, पेण, अलिबागपासून लोक टेम्पो करून पनवेलला आले होते. विश्वचषक ज्या मुलखात खेळला गेला, त्या मुलखाचे खेळाडू कागदावर नसावेत, हे मनाला लागते.

या साऱ्यांच्या पोटापाण्याचे काय? रग्बी लीगची गोष्ट मी वर सांगितली ती यासाठीच. आपल्याकडेही खाड्याचा प्रश्न होता, आणि तो वेगळ्या रीतीने सुटला. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बँका, बंदर, पोलीस यांनी कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या आणि आपापले संघ उभे केले. आगरी किंवा माथाडी घरातल्या पोराला सरावासाठी दुपारी सुटी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार, हे स्वप्न कबड्डीने खरे केले. किती घरांत पहिली पक्की नोकरी कबड्डीने आणली, याचा विचार केला की या खेळाचे ऋण कळते. नोकरी लागली म्हणून थोरल्या भावाने धाकट्यांची लग्ने केली, कौले काढून स्लॅब टाकला. पण या सोयीला दुसरी बाजूही होती. नोकरीच्या संघात खेळाडू मुंबईत गेला की गावचा संघ फुटायचा. पुढे या नोकऱ्या आटत गेल्या आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू होईपर्यंतची काही वर्षे फार कठीण गेली. चांगले खेळाडू तिशीच्या आतच मैदान सोडून रिक्षा, टेम्पो, सिक्युरिटीच्या कामाला लागले. त्यांतल्या काहींची व्यक्तिचित्रे इथे आहेत. ती वाचायला जड जातात, तरीही वाचावीत.

प्रो कबड्डीने खेळाला पैसा आणि मान दिला, हे मनापासून मान्य करायला हवे. यू मुंबाने २०१५ साली विजेतेपद घेतले. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने २०१८च्या सुरुवातीला सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०२४ साली अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली. ही पिढी आपले नाव स्वतः राखेल. तिच्या प्रत्येक चढाईचे चित्रण आहे. या पुस्तकाने ज्यांच्याकडे वळायचे ठरवले ते यांच्या आधीचे.

जमिनीचा विषय काढल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही. १९८४च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांनी लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व आले. शेतकऱ्याला भूखंड मिळाला. पण ज्या शेतात माघात कबड्डी व्हायची ते शेत ‘खेळाचे’ म्हणून कोणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेले नव्हते, त्यामुळे त्याची भरपाई मागायला कोणी नव्हते. आज गावठाणांत इमारतीला इमारत चिकटली आहे. स्पर्धा होतात, मोठ्या होतात, भाड्याने आणलेल्या मॅटवर आणि झगझगीत दिव्यांखाली होतात. रोजच्या सरावाला जागा मात्र मिळत नाही. शाळेची मैदाने, सोसायटीचे पार्किंग, उड्डाणपुलाखालची पट्टी, जिथे जमेल तिथे पोरे उतरतात. महापालिकेने आणि सिडकोने प्रत्येक गावठाणाजवळ कबड्डीसाठी एक कायमचे मातीचे मैदान राखावे. तेरा मीटर बाय दहा मीटरचे मैदान आणि भोवती उभे राहायला जागा, याहून स्वस्त क्रीडासुविधा दुसरी नाही.

संपादकांना एकच शिफारस. पुस्तकात आलेली नावे ही सुरुवात आहे असे समजावे. किती तरी खेळाडू राहून गेले असणार, विशेषतः स्त्रिया, आणि विशेषतः जे जिल्ह्याबाहेर कधी खेळले नाहीत असे पकडवाले. राज्य पातळीवर पोचला तोच मोठा, असा नियम लावला तर गावची निम्मी कबड्डी बाहेर राहते. एखाद्याने आयुष्यभर फक्त गावच्या जत्रेत खेळावे आणि त्याच्या गावात त्याच्यासारखी मांडीची पकड पुन्हा कोणाला जमू नये, तर तोही मोठाच.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, क्लबच्या कपाटात, देवळाच्या सभामंडपात जुन्या संघाचे फोटो असतील. ढाल मधे ठेवून बसलेले सात-बारा जण, मागे उभे पंच आणि मंडळाचे अध्यक्ष. त्या फोटोतल्या माणसांना ओळखणारे कोणीतरी अजून घरात आहे. त्यांना शेजारी बसवा आणि फोटोच्या मागे प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, साल आणि तो कोणत्या जागी खेळायचा ते लिहून घ्या. पेन्सिलने लिहा, शाई पुढे उमटते. लिहून झाले की त्याची प्रत संपादकांकडे द्या. दुसऱ्या आवृत्तीत ती नावे येतील.